झाडून टाकलेले उद्गार

सुनावणीत नोंद घेणाऱ्याला कान असतात, बोटं असतात, बसून बसून धरलेली कंबर असते. तोंड तेवढं नसतं. लेखनिकेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. लोक मराठीत बोलायचे आणि ती त्याच वेगानं इंग्रजीत टाइप करायची. समोर कुणी रडो, भांडो की टेबलावर मूठ आपटो, हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. इतकी वर्षं हे केल्यावर ती सवय घरीही आली होती. मुलगी चिडवायची, "आई, तुझ्या पायावर कपाट पडलं ना, तरी तू आधी वाक्य पूर्ण करशील आणि मग विव्हळशील." नवरा त्यावर पेपरामागून म्हणायचा, "विव्हळणारही नाही. पूर्णविराम देईल."

त्या दिवशी समोर होती ती अपघाताची चौकशी. मालगोदामाच्या आवारात क्रेननं लोखंडी पाइपांचा गठ्ठा उतरवताना तो एका मदतनिसाच्या पायावर आला होता, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. क्रेन चालवणारा कुणी परका नव्हता, त्याच मदतनिसाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. चौकशी समितीला ठरवायचं होतं ते एवढंच: क्रेनचा ब्रेक उशिरा लागला, की चालकाचं खाली लक्षच नव्हतं. लक्ष नव्हतं असं ठरलं तर त्याचा परवाना कायमचा गेला. दुसरं कुठलंही काम त्या माणसाला येत नव्हतं.

खोली लांबट होती. एका टोकाला समितीचे अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला कंपनीचे वकील, डाव्या हाताला लॅपटॉप उघडून लेखनिका. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या दोन ओळी. एका ओळीत क्रेनचालक एकटाच, मांडीवर दोन्ही हात ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा. दुसऱ्या ओळीत त्याचा मेहुणा, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आडव्या ठेवलेल्या कुबड्या, आणि पलीकडे त्याची बहीण, म्हणजे क्रेनचालकाची बायको. अपघातापासून ती भावाच्याच घरी राहत होती. सकाळी आत येताना दोघं नवरा-बायको दारात समोरासमोर आले, आणि तिनं पदर सावरून वाट दिली, अनोळखी माणसाला देतात तशी.

सकाळी तिचीच साक्ष झाली. बाई धीट होती. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"चूक माणसाचीच होते साहेब," ती म्हणाली. "मशीन दगा देतं, हात घसरतो, सगळं मला कळतं. मी त्यांच्या घरात वीस वर्षं काढलीत, ते मुद्दाम मुंगी मारणार नाहीत. पण खाली माझा भाऊ वाकलेला. पाइप त्याच्यावर येतायत. आणि वर बसलेल्या माणसाच्या तोंडातून एक शब्द निघू नये? अहो, रस्त्यावरचं कुत्रं गाडीखाली येताना दिसलं तरी माणूस ओरडतो. हे गप्प. वॉकीटॉकीवरच्या बोलण्याचा तो कागद मी वाचून घेतलाय दोनदा. त्यात यांचं काहीच नाही. म्हणजे बघतच नव्हते, नाहीतर बघून गप्प राहिले. यातलं कुठलं खरं मानून मी त्यांच्या घरी परत जाऊ?"

लेखनिकेनं हे सगळं इंग्रजीत उतरवलं. 'अहो' गाळलं, कुत्रं ठेवलं. मग वकील उठले.

वकिलांना आपला आवाज फार आवडत असे. "समितीसमोर वॉकीटॉकीवरच्या संभाषणाची अधिकृत प्रत आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी मान्य केलेली, प्रमाणित. केबिनमधला माइक कायम उघडा असतो, हे लक्षात घ्यावं. खालचा इशारेवाला म्हणतो, लोअर, म्हणजे खाली घे. पुन्हा म्हणतो, लोअर. त्यानंतर, महाशय, बराच वेळ काहीही नाही. तेवढ्यात माणूस बुटाची नाडी बांधून उभा राहील. मग इशारेवाला ओरडतो, स्टॉप. त्या मधल्या वेळात चालकाकडून काय आलं? काहीही नाही. हुंकारसुद्धा नाही. जागा असलेला माणूस इतका शांत असतो का?"

लेखनिकेची बोटं 'शांत' या शब्दावर आली आणि थांबली. ती प्रत तिनं केली होती.

तिच्या कार्यालयाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. ध्वनिमुद्रणावरून इंग्रजी कागद तयार करण्याचं ते काम, आणि ते चालवायच्या मोठ्या बाई. त्यांचं इंग्रजी इस्त्री केलेलं. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी त्या समोर बसवून सांगायच्या, "ओह, आह, वॉव, आऊच हे गोष्टीत लिहा, मैत्रिणीला लिहा. हळू असेल तर पुढे स्वल्पविराम, जोरात असेल तर उद्गारचिन्ह, आणि एका पानात तीनदा आलं तर लिहिणाऱ्याच्या कानाखाली. पण अधिकृत कागदात? मुळीच नाही. अधिकृत कागद दचकत नाही." असे उद्गार वेचून काढण्याला कार्यालयात 'झाडणं' म्हणत. इतरांच्या प्रती दोन-दोनदा झाडाव्या लागत. लेखनिकेची प्रत पहिल्या फटक्यात लख्ख निघायची. मोठ्या बाई ती सगळ्यांना दाखवायच्या आणि लेखनिका वरवर संकोचायची, आतून मोहरून जायची. नाही कशाला म्हणा!

आता तिला आठवत होतं ते असं. एका मुद्रणात कुणीतरी 'अरे' म्हणून ओरडलं होतं. एकदा नव्हे, लागोपाठ. त्याला इंग्रजीत काय लिहावं म्हणून ती अडली होती. आधी तिनं 'हे' लिहिलं, पण ती तर हाक झाली. मग 'ओह' लिहिलं. त्यापुढे उद्गारचिन्ह दिलं. पुन्हा ओह, पुन्हा चिन्ह. पान एकदम मुलांच्या चित्रकथेसारखं दिसायला लागलं. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि तिनं ते सगळं पुसून टाकलं. समासात लिहिलेली खालच्या वाक्याची वेळ जिथल्या तिथं राहिली, म्हणून मध्ये ती पोकळी उरली. मग ती चहा प्यायला उठली होती.

पण ते मुद्रण हेच होतं का? त्या महिन्यात याच गोदामाची बरीच मुद्रणं तिच्याकडून गेली होती. ओरडणारा क्रेनवाला होता, की खालचा कुणी? बोलावं आणि चूक निघावी, तर त्या माणसाला खोटी आशा लावल्यासारखं होईल आणि हिची नोकरी जाईल. न बोलावं, तर काय होईल ते समोरच बसलं होतं, मांडीवर हात ठेवून.

"बाई, नोंद होतेय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"होतेय," ती म्हणाली. त्या दिवसातला तो तिचा पहिला शब्द होता.

चहाची सुट्टी झाली तशी ती फोन घेऊन जिन्याकडे पळाली. मोठ्या बाईंनी फोन उचलला.

"बाई, क्रेनच्या अपघाताचं मूळ मुद्रण तुमच्याकडे आहे ना? जरा लावून ऐकता? दुसऱ्या लोअरनंतर, स्टॉपच्या आधी."

"कशाला गं? ती प्रत केव्हाच गेली. माझी सही आहे तिच्यावर."

"ऐका ना बाई. माझ्यासाठी ऐका."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेखनिका फोन कानाला धरून उभी राहिली. जिन्याच्या वळणावर पिण्याच्या पाण्याचा नळ होता, आणि तिथं क्रेनचालक पेला भरत होता. पेला भरून वाहायला लागला तरी त्यानं नळ बंद केला नाही. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"तुमचं काम चांगलं आहे बाई," तो म्हणाला. बोलण्यात टोमणा नव्हता. "जे झालं तेवढंच लिहायचं. माझं इंग्रजी यथातथा, पण तो कागद मी इतक्यांदा बघितलाय की पाठ झालाय. खरं सांगू? मला सुरुवातीला वाटायचं, मी ओरडलो. छातीठोकपणे सांगायचो सगळ्यांना. रोज झोपेतही ओरडतो. पण कागदात नाही म्हटल्यावर... झोपेतलंच खरं वाटायला लागलं असेल मला. बसल्या जागी डोळा लागला असेल एखादेवेळी. आता आत जाऊन कबूल करतो आणि मोकळा होतो. तिलाही मोकळं करतो."

"थांबा जरा," लेखनिका पुटपुटली, पण तो पेला तसाच ठेवून वर गेला होता. त्यानं एक घोटही घेतला नव्हता.

"आहे," फोनमधून मोठ्या बाईंचा आवाज आला. "चार वेळा आहे. केबिनमधलाच आवाज आहे, स्टॉपच्या बराच आधी. मागे कसला तरी दांडा ओढल्याचा खाडकन आवाजही आहे."

"बाई, इथं ते म्हणतायत की तो झोपला होता. तो स्वतःसुद्धा तेच म्हणायला निघालाय."

मग बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "नीट ऐक. तू काही बोलू नकोस. आपण एका प्रतीत काही गाळलंय असं आपणच सांगितलं, की आजवरची प्रत्येक प्रत उकरून काढतील. उद्या कोण देईल आपल्याला काम? आठ बायकांची घरं या खोलीवर चालतात. त्यात तूही आलीस. मी वकिलांना विचारते, रीतसर पत्र लिहू, काहीतरी करू."

"कधी?"

"बघू ना. पुढच्या आठवड्यात."

"बाई, तो आत्ता उठतोय."

वरून शिपायानं हाक मारली. मोठ्या बाई पुढे काय म्हणाल्या ते तिनं ऐकलं नाही. तिला या बाईंनीच उभं केलं होतं. नवऱ्याचं आजारपण काढलं तेव्हा बाईंनी महिनोन्‌महिने घरी काम पाठवलं होतं, चुका पोटात घातल्या होत्या. अशा माणसाचं घर आपल्या तोंडानं पाडायचं? ती खुर्चीत बसली, लॅपटॉप उघडला, बोटं कळांवर ठेवली.

क्रेनचालक उभाच होता. "साहेब, मला एक निवेदन करायचंय," तो म्हणाला.

वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि चेहऱ्यावर समजूतदार भाव आणला. दुसऱ्या ओळीत बायकोनं मान वर केली नाही. मेहुणा मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"इतके दिवस मी म्हणत होतो की मी बघितलं, मी ब्रेकचा दांडा ओढला. पण आता मला वाटतं, की कागदात आहे तसंच झालं असणार. माझं लक्ष..."

"थांबा!" लेखनिका म्हणाली.

खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. टेबलखुर्चीनं बोलायला लागावं तसं झालं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"बाई, तुम्ही नोंद घ्यायची आहे. बोलायचं नाही."

"माहीत आहे साहेब. पण त्यांना पुढे बोलू देऊ नका. तो कागद चुकलेला आहे." तिनं बोटं कळांवरून उचलली. "मी केलाय तो. त्या मधल्या वेळात ते ओरडलेत. चार वेळा. मी काढून टाकलं."

"काढून टाकलं?" वकील ताडकन उठले. "कुणाच्या सांगण्यावरून? यांचे आणि तुमचे काय संबंध आहेत?"

"काही नाहीत. आम्ही... कागद स्वच्छ दिसावा म्हणून असे उद्गार काढतो. सगळ्यांचेच काढतो." बोलताना तिला त्या शब्दाची लाज वाटली. "मला वाटलं, त्याला काही अर्थ नसतो."

वकील तावातावानं बोलायला लागले. प्रत दोन्ही बाजूंनी मान्य आहे, आता असल्या आठवणींना काय किंमत, उद्या शिपायालाही काहीतरी आठवेल. दाराशी उभा असलेला शिपाई दचकला. अध्यक्षांनी हात वर केला आणि एकच विचारलं, "मूळ मुद्रण कुठं आहे?"

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला गेला, सगळ्यांना ऐकू येईल असा. घंटी वाजत राहिली. मोठ्या बाई आता 'नाही' म्हणाल्या की सगळं संपलं. मुद्रण खराब झालं, मिळत नाही, तपासून सांगू, अशी किती वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. लेखनिकेनं टेबलाची कड घट्ट धरली.

"हॅलो," बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी कोण बोलतंय ते सांगितलं आणि प्रश्न विचारला.

"आहे," बाई म्हणाल्या. "लगेच पाठवते. आणि साहेब, एक गोष्ट नोंदवून घ्या. गाळण्याचा नियम त्या मुलीचा नाही, माझा आहे. सही माझी आहे." त्यांनी फोन ठेवला.

मुद्रण आलं ते लेखनिकेच्याच लॅपटॉपवर. तिनंच ते लावलं. आधी नुसती घरघर, वारा, लांबवर कुणीतरी हसतंय. इशारेवाल्याचं कंटाळलेलं लोअर. साखळीची करकर. पुन्हा लोअर. आणि मग केबिनमधून एक आवाज फुटला, इतका उघडा की खोलीतल्या प्रत्येकानं अंग चोरलं. "अरे! अरे, अरे, अरे..." पाठोपाठ दांडा ओढल्याचा खाडकन आवाज. त्यानंतर लोखंड घसरतच राहिलं, घसरतच राहिलं, ब्रेक म्हणून काही त्या क्रेनला असेल असं वाटेना. तेव्हा कुठं इशारेवाला ओरडला, स्टॉप. आणि त्याहून मोठ्यानं खालून एक किंकाळी आली. मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. लेखनिकेनं मुद्रण थांबवलं.

वकिलांनी पेन उचललं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. अध्यक्ष म्हणाले, "ब्रेकची तपासणी नव्यानं होईल, बाहेरच्या माणसाकडून. परवान्याचा निर्णय तोवर राखून ठेवतो." मग लेखनिकेकडे वळून म्हणाले, "तुमच्याबद्दलही लिहावं लागेल बाई. वाईट वाटतं, पण लिहावं लागेल."

"लिहा साहेब," ती म्हणाली.

क्रेनचालकाचं यातलं कशाकडेच लक्ष नव्हतं. तो लॅपटॉपकडे बघत होता. "मीच ना तो?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. "माझाच आवाज ना?"

त्याची बायको उठली होती. दोन ओळींच्या मध्ये येऊन उभी राहिली, पण पुढे जायचं पाऊल काही उचलेना.

"तुम्ही सांगितलं का नाहीत मला?" ती म्हणाली. सकाळचा धीट आवाज कुठल्या कुठे गेला होता. "एकदा तरी ठासून सांगायचं!"

तो तिच्याकडे वळला. राग यावा असं त्याचं झालंही असेल, पण त्याच्याकडे तेवढं बळही उरलं नव्हतं.

"सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग कागद आल्यावर तू तो पुढे केलास."

तिनं तोंडाला पदर लावला. लेखनिकेला वाटलं, आपण उठावं आणि या बाईला सांगावं, की यात तुझा दोष नाही, तू कागदावर विश्वास ठेवलास, मी तो तसा केला. पण तिच्यानं उठवेना.

मेहुण्यानं तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या कुबड्या उचलल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. एक घसरून दाणकन पडली. त्यानं ती पडू दिली. रिकाम्या खुर्चीवर तळहात आपटत तो म्हणाला, "दाजी, इकडे या. इथं बसा."

क्रेनचालक आला खरा, पण खुर्चीवर बसला नाही. खुर्चीपाशी पोचताच तो मेहुण्याच्या पुढ्यात फरशीवरच बसला. इतके दिवस ज्याची त्याला स्वतःलाही खात्री उरली नव्हती, तो आवाज त्याच्या छातीतून वर आला. लहान मूल रडतं तसा तो मोठमोठ्यानं रडला, आणि मेहुणा त्याच्या केसांतून हात फिरवत "असू दे, असू दे" म्हणत राहिला.

वकील अध्यक्षांकडे वाकून काहीतरी कुजबुजले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे नोंदीत नाही घेतलं तरी चालेल..."

लेखनिकेची बोटं केव्हाच चालायला लागली होती. कळा डोळ्यांसमोर धूसर झाल्या होत्या, तरी तिनं सगळं लिहिलं, जसं आलं तसं, त्याच्या रडण्यासकट.